फाडलेली पट्टी

अमरावती, १८ जून १९७४
ती. मारोतरावदादांस शेषरावचा सप्रेम जयभीम. वि. वि.
देवमनचं पत्र वाचून डोकं तापलं. इंजिनिअरिंगला जाणार नाही म्हणतो, यंत्रांचा कंटाळा येतो म्हणे! चैतात आपलं विहिरीवरचं इंजिन उघडून चालू केलं, त्याचं चित्र मला पाठवलं, तो हाच ना? ते चित्र मी इथल्या पॉलिटेक्निकच्या सरांना दाखवलं. नट न् नट जागेवर आहे, असा डोळा शिकवून येत नाही, म्हणाले. फॉर्म आणून ठेवला आहे. पोराला कान धरून पाठवा.
माझ्या रागावर रागावू नये.
आपला,
शेषराव

आसेगाव, २४ जून
ती. काकांस विजयमालाचा सविनय जयभीम.
दादाचे कान धरू नका. इंजिन मी उघडलं अन् चित्रही माझंच आहे. दादानं इंजिनाला नुसत्या लाथा घातल्या. मी एकेक भाग काढून फडक्यावर ओळीनं मांडला, नळीत अडकलेली हवा काढली अन् त्याच ओळीनं सगळं परत बसवलं. एक वायसरही उरलं नाही. बाबांनी मात्र गावभर देवमनचं नाव सांगितलं. पोरीच्या हाताले ग्रीस दिसलं तं पाहुणे वापस जातील म्हणे. चित्राखाली माझं नाव होतं, तेवढी पट्टी त्यांनी फाडली. कागद खालून बघा.
राग तुमचाही आला आहे, काका. मीही दादाबरोबरच मॅट्रिक झाले, पण दर सुटीत तुम्ही मला एकच विचारता, भाकरी गोल येते का. रविवारी शिरपूरचे लोक मला पाहायला येणार आहेत. फॉर्मवर कोणाचं नाव घालायचं ते तुम्ही ठरवा.
लोभ असेल तर आत्ताच दाखवा.
विजयमाला

आसेगाव, ८ जुलै
शेषराव, जयभीम घे, आशीर्वाद मागू नको.
पाहुणे पोहे खात होते अन् तू माझ्या पोरीले उठवून अमरावतीच्या बसमधी बसवलं. गावात मले तोंड दाखवायले जागा नाही ठेवली. तुझ्या वहिनीनं तिच्या पिशवीत पाना टाकला, तेही मले काल समजलं. वरून फॉर्म पाठवतं अन् बापाची सही मागतं! काहून करू?
पावसानं ओढ दिली. मिरचीचं रोप सुकून राह्यलं अन् इंजिन चार दिवसांपासून बंद आहे. देवमन लाथा मारून राह्यला. हवा कोणत्या नटातून काढाची, ते विजूले चित्र काढून पाठवायले सांग.
सही करून फॉर्म सोबत टाकला आहे. राग गेला नाही.
चित्राखाली तिनं नाव टाकावं. फाडणार नाही.
मारोतराव