टेबलाच्या पलीकडून डोंगर

प्रिय थोरल्या,

अक्षर वाकडं आहे, पण वाचून घे. चार इयत्तांत हाताला लागलं ते एवढंच. फोनच केला असता, पण फोनवर तू 'बरं, बरं' म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदाला तसं गप्प करता येत नाही.

भिंगरी माझ्याकडे आहे हे सूनबाईनं तुला सांगितलं असेलच, तू विचारलं नसलंस तरी. आपल्या घरामागच्या डोंगराचा नकाशा करायचा नाही असं तू तिला बजावलंस, कारण मात्र सांगितलं नाहीस. ती तुझीच लेक, बॅग भरून इकडे आली. तेव्हापासून बापलेकीचा अबोला. दोघांच्याही मानेत एकच ताठा, वाकायला कुणी तयार नाही.

आता माझं स्वयंपाकघरातलं टेबल तिचं झालंय. एका टोकाला संगणक, मध्ये मोठाले कागद आणि उरलेल्या कोपऱ्यात माझी बशी. तिला साहेब नाही हे मला आधी चैनीचं वाटलं होतं. पण साहेब नसला की येणारं प्रत्येक गिऱ्हाईक साहेब होतं, हे इथे बसून बघितलं. एकानं नदी थोडी डावीकडे सरकवायला सांगितली, का तर त्याच्या दुकानाचं नाव नीट बसत नव्हतं. ही फोनवर गोड आवाजात म्हणाली, "नदीला विचारून सांगते." फोन ठेवल्यावर जे काही बोलली ते मी लिहीत नाही, तुझ्याकडूनच शिकली असणार.

मला वाटायचं, नकाशा म्हणजे दिसेल ते काढायचं. तसं नाही रे. ती दिवस दिवस बसून काय गाळायचं ते ठरवते. गावातली सगळी घरं काढली तर नुसता काळा डाग होतो, म्हणून थोडीच ठेवायची, पण बघणाऱ्याला अख्खं गाव दिसलं पाहिजे. ओढ्याचं एक वळण ठेवावं की सोडावं यावर तिचा चहा थंड होतो. त्या वळणाशी खरंच पाऊलवाट फुटते का, हे बघायला दुसऱ्या दिवशी बूट घालून डोंगरावर जाते. संध्याकाळी चिखलानं माखून येते ती हसत. मी शिव्या घालते आणि पाणी तापवते.

या खेपेचं काम डोंगर चढणाऱ्या मंडळाचं. वर खिंडीत, दोन्हीकडच्या वाटा मिळतात तिथे, कमरेएवढ्या उंचीचा फलक बसवायचाय. भिंतीसारखा उभा नाही, टेबलासारखा आडवा. त्यासाठी तिनं डोंगर रंगवला. करड्या रंगाच्या सावल्या अशा काही दिल्या की सपाट कागदातून डोंगराची धार वर आली. मी बोट फिरवून पाहिलं, खरंच उंच लागते की काय म्हणून. एवढी म्हातारी झाले, पण अशी चकित मी क्वचितच झाले असेन. तिनं सांगितलं, सगळ्या नकाशांत उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून पडतो असं धरायचं. खरा सूर्य तिथे बहुधा नसतोच, पण माणसाच्या डोळ्याला तसंच पटतं. म्हणजे बघ, ही पोरं सूर्यसुद्धा आपल्या सोयीनं टांगतात!

मग एक दिवस मी टेबलाच्या पलीकडे शेंगा सोलत बसले होते. कागदाकडे नजर गेली आणि म्हटलं, "अगं, एवढा मोठा खड्डा कसला काढलायस?" ती हसायला लागली, म्हणाली, "आजी, चष्मा पूस." मी म्हटलं, "तू इकडे येऊन बस." आली. बसली. आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. उलट बाजूनं बघितलं की सगळी सावली फिरते. जी धार वर आलेली दिसायची ती घळ होते, आणि घळीची धार. भिंतीवरच्या नकाशाला कुणी उलटं बघत नाही, पण आडव्या फलकाभोवती माणसं चारी बाजूंनी उभी राहणार. पलीकडच्या गावाहून चढून आलेला माणूस फलक बघेल आणि उतरायला घळ धरेल.

मंडळाचे चिटणीस म्हणाले, "असू द्या हो, छान दिसतंय." हिनं ऐकलं नाही. सावल्या सगळ्या पुसल्या, पुन्हा पहिल्यापासून बसली. आता उंची सांगणाऱ्या रेषा आहेत, आणि जितकं उंच तितका रंग फिका. रोज मला पलीकडे बसवते आणि विचारते, "आजी, डोंगर की खड्डा?" माझा हुद्दा काय, तर टेबलाची पलीकडची बाजू.

परवा तिनं विचारलं, आजोबा नेमके कुठे गेले. मी कागदावर नख ठेवलं. नखाखाली सगळं झाकलं गेलं, ती खिंडही आणि ती घळही. तू त्यांच्याबरोबर होतास, हे मी सांगितलं नाही. ते तुझं तू सांगायचं.

तू धुक्यात पुढे पळालास, धारेवरून नीट घरी आलास, आणि ते तुला शोधत घळीत उतरले, ते परत आलेच नाहीत. पोरगा होतास. तेव्हापासून तू त्या डोंगराकडे पाठ करून जेवतोस. मी कधी विषय काढला नाही, वाटलं खपली आहे, निघेल आपोआप. पण आता नीट ऐक. त्यांना तू घळीत पाठवलं नाहीस. त्यांचा अर्धा जन्म त्या डोंगरात गेला, तरी धुक्यात त्यांना घळ धारेसारखी दिसली. उजळ स्वयंपाकघरात, चष्मा लावून, मलाही तसंच दिसलं. तुझ्या लेकीनं तर तो डोंगर स्वतः काढला, तिलाही पलीकडे येऊन बसेपर्यंत कळलं नाही. डोळा फसतो, बाळा. त्याला पोराचा दोष म्हणत नाहीत.

येत्या रविवारी फलक वर जाणार. पक्का करण्याआधी तिला एकदा खिंडीतच, दोन्ही बाजूंनी बघून घ्यायचंय. अलीकडे ती उभी राहील. पलीकडे मी राहिले असते, पण माझे गुडघे खिंडीपर्यंत येत नाहीत. तुझे येतात. धारेवरून ये, तुझ्या पायांना ती माहीत आहे. तिला वर काय सांगायचं ते सांग, नाहीतर काही सांगू नकोस. नुसता पलीकडे उभा राहा, आणि ती विचारेल त्याचं उत्तर दे, डोंगर की खड्डा.

चहा टाकून खाली बसलेली,
तुझीच आई