दादासाठी घातलेलं गाऱ्हाणं

शुक्रवार, अनंत चतुर्दशी. मनामा

दादा असं बोलेल? विसर्जनाआधी त्याने अमेरिकेतून व्हिडिओ कॉल लावला. तिथल्या बंदुका, महागडे इन्शुरन्स, सगळं चुकीचंच, ह्यावर आमचं नेहमीच एकमत. आज मात्र म्हणाला, "आमच्या देशात बाहेरचे फार झालेत. दार बंदच करायला हवं."

आमच्या देशात! नागरिक होऊन वर्षही झालं नाही.

"मग मी बहरीनमध्ये कोण?"

"तुझं वेगळं रे."

काय वेगळं? व्हिसा संपला की मी खलास. आमच्या देशात म्हणे!

दरवर्षी गणपतीसमोर मीच गाऱ्हाणं घालायचो, दादाला ग्रीन कार्ड मिळू दे. सगळे ओरडायचे, होय महाराजा!

आज मुद्दाम म्हटलं, "परक्या मुलखात पोट भरणाऱ्या सगळ्यांना थारा दे रे महाराजा."

"होय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज फोनमधून, दादाचा.