घोडी विकणार नाही

तीर्थरूप बाबांना लांबूनच वाकून नमस्कार.

आईचा गुडघा आता कसा आहे? माझं अक्षर वाकडं दिसेल. मनगट जरा मुरगळलंय, एवढंच. तिला सांगू नका.

परवा माझी आणि माझ्या घोडीची पहिली स्पर्धा झाली. चालीच्या फेरीत घोडी शहाण्यासारखी वागली. पण मैदानी दौडीत पाण्याचा खड्डा आला आणि ती काठावरच अडली. दोनदा अडली, तिसऱ्यांदा मी एकटीच पाण्यात गेले! आम्ही बाद.

प्रशिक्षक सगळ्यांदेखत म्हणाले, "विकून टाक हिला. तुम्हा दोघींना हे जमायचं नाही."

मी म्हटलं, "लहान आहे ती. घाबरली म्हणून घराबाहेर काढायचं?"

मैदान रिकामं झाल्यावर परवानगी काढून तिला पुन्हा तिथे नेलं. लगाम धरून गुडघाभर पाण्यात उभी राहिले. काठावर मागे रेंगाळलेले दोघं-तिघं दात काढत होते. म्हटलं, काढा खुशाल. माझे पाय बधिर झाले, तेव्हा कुठे तिने एक खूर पाण्यात टाकला. मग दुसरा. मग बाईसाहेब अशा काही पाय आपटायला लागल्या की मी नखशिखांत भिजले. तशीच तिच्यावर बसले आणि तो खड्डा आम्ही धावत पार केला.

"पुरे झालं, परत ये," असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत. पुढच्या स्पर्धेत मी आमचं नाव घातलंय, बाबा. प्रशिक्षकांना विचारलं नाही, तुम्हालाही विचारत नाही, नुसतं कळवते. रागावलात तरी चालेल. पण याल तेव्हा मला न्यायला नको, बघायला या.

तुमच्यावरच गेलेली,
तुमची हट्टी धाकटी