सर्व्हरची झोप

११ फेब्रुवारी २०२५
सर्व्हर निवडायचा आहे — आणि निवडणार मी! केंद्राच्या बैठकीत अध्यक्ष हंबीररावांनी जाहीरच केलं, "कागद सगळे इंग्रजीत हैत. पूर्णिमाताई कॉन्व्हेंटच्या. त्यास्नी कळतंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही!

आमच्या केंद्रातून व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनची मशीनं घरी वापरायला देतात. काय शिल्लक आहे ते लोकांना मोबाइलवर दिसावं म्हणून आमच्या गल्लीतल्या भाऊसोंची श्रुती वेबसाइट बनवतेय. तेवीस वर्षांची पोर, पहिलंच काम. "काकू, दिसतं ते नुसतं दार असतं. मागची सगळी माहिती ठेवायला भाड्यानं जागा लागते." ती जागा म्हणजे सर्व्हर; तो कुणाचा घ्यायचा, ते मी ठरवायचं.

१३ फेब्रुवारी
दोन कंपन्यांची पानं वाचली. एकीचं इंग्रजी इतकं गचाळ! पहिल्याच ओळीत दोन चुका. शाळेतल्या सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, स्पेलिंगात निष्काळजी तो सगळ्यातच निष्काळजी. दुसरीचं मात्र किती नेटकं, अदबशीर! वाचता वाचता निळ्या रिबिनी आठवल्या, वह्यांची खाकी कव्हरं, शाईचा वास. शिवाय ती फुकट. तीच निवडली.

अर्ध्याअधिक गोष्टी डोक्यावरून गेल्या. वर्गात कधी 'कळलं नाही' म्हणून हात वर केला नाही. एकसष्टाव्या वर्षी कुठला करणार?

१४ फेब्रुवारी
श्रुतीचं मेल. "काकू, फुकटातला सर्व्हर पंधरा मिनिटं कुणी आलं नाही की झोपतो. उठायला मिनिटभर लागतं. पहिली कंपनी घेऊया, ती कायम जागी असते."

मी इंग्रजीतच उत्तर दिलं — लेट इट स्लीप, डिअर. दुपारी सगळं कोल्हापूर लवंडतं की! त्या बिचाऱ्यानं काय घोडं मारलंय?

१ मार्च
वेबसाइट सुरू झाली. कॉम्प्युटरसमोर नारळ फोडला! श्रुतीनं पहिला पेढा मला दिला.

९ एप्रिल
आज मलकापूरचा अमरसिंह केंद्रात येऊन भांडला. त्याच्या आईला, धोंडुबाईंना, सोमवारी दवाखान्यातून सोडलं — घरी लगेच ऑक्सिजन लावा, या अटीवर. दुपारी केंद्र बंद, पण वेबसाइटवर नोंद केली की चावी घेऊन कुणीतरी येतं. म्हणून त्यानं वेबसाइट उघडली.

"पांढरं पान बघत बसलो की हो! दोनदा बंद करून उघडलं. मशीन न्हाई म्हणून शेवटाला इचलकरंजीला गेलतो. येईपर्यंत आईचे ओठ निळे पडलेले!"

धोंडुबाई परत आयसीयूत आहेत. आणि त्या दुपारी आमच्याकडे तीन मशीनं होती. कपाटाला टेकून.

हंबीरराव गरजले, "त्या पोरीनं घोळ घातला! म्हणून म्हणत हुतो, शिकाऊ माणूस नको!"

श्रुती कोपऱ्यात उभी होती. "माझं चुकलं," एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी उठून अमरसिंहला पाण्याचा ग्लास दिला. ग्लास दिला — तोंड उघडलं नाही.

१० एप्रिल
ते मेल फोनमधून काढून टाकलं. तिचं आणि माझं उत्तरही. मी!

१२ एप्रिल
पुण्याच्या एका कंपनीत श्रुतीचं जवळजवळ ठरलं होतं. त्यांनी चौकशीला हंबीररावांना फोन केला. ते मनात होतं ते बोलून मोकळे झाले. आता तिकडून उत्तर नाही.

भाऊसो दुकानात भेटले. मान खाली. "ताई, तुम्ही एवढा विश्वास टाकला. पोरीनं तुमचं नाव घालवलं बघा."

माझं नाव!

१५ एप्रिल
धोंडुबाईंना साध्या वॉर्डात हलवलं. बोलतात थोडं. हायसं वाटलं — आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. हे कुणासाठी होतं?

१७ एप्रिल
श्रुती काम सोपवायला घरी आली. पासवर्डांचा कागद, आणि सगळ्या मेलांच्या प्रिंटची फाइल, प्रत्येक पानाला नंबर घातलेला. सर्व्हर तिनं स्वतःच बदललाय. आता झोपत नाही. कॉफी घे म्हटलं तर, "नको काकू. गोळ्या घेताय ना वेळेवर?"

ती गेल्यावर फाइल उघडली. फेब्रुवारीची मेलं. पान दहा. अकरा. तेरा.

बारावं पान नाही. क्लिपखाली फाटलेला कोपरा तेवढा राहिलाय.

मी माझ्यासाठी पुसलं. तिनंही माझ्यासाठीच फाडलं.

१९ एप्रिल
बारावं पान आज माझ्या हातानं लिहिलं. मराठीत, खाली सही. बैठकीत उभी राहून वाचलं. मग पुण्याच्या कंपनीचा नंबर मागितला.

हंबीरराव बघतच राहिले. "पण ताई, तुमास्नी तर इंग्रजी येतंय की!"

"येतं," म्हटलं. "कळलं नव्हतं."