विहीणबाईंचा कॅप्टन

१ मार्च, रविवार

ऊर्मी आली, रडली, दोन थालीपिठं खाल्ली आणि मग बोलायला लागली. याच क्रमाने!

महिनाअखेरीस इथल्या ग्रीक वस्तीत, डॅनफोर्थ रस्त्यावर, ग्रीकांची स्वातंत्र्यदिनाची परेड. जावई ग्रीक, त्यामुळे आम्हीही दरवर्षी मफलर गुंडाळून निळे-पांढरे झेंडे हलवत उभे असतो. पण यंदा नातीच्या शनिवारच्या ग्रीक शाळेने नवीन टूम काढलीय – परेडनंतर हॉलमध्ये प्रत्येक मुलाने स्टेजवर एक मिनिट बोलायचं, ‘एकवीस साली माझ्या घरचे काय करत होते?’ एकवीस म्हणजे १८२१. सुलतानाच्या राज्याविरुद्ध हत्यार उचललं ते साल. ही माणसं नुसतं ‘एकवीस’ म्हणतात, आपण ‘बेचाळीस’ म्हणतो तसं.

वर्गात झाडून सगळ्यांचे पूर्वज कॅप्टन निघाले. डोंगरातल्या टोळ्यांचे म्होरके – तलवारी, बंदुका, मिशा, सगळं. आमच्या ऊर्मीला काहीच माहीत नाही. एक कार्टी तिला म्हणाली, "यू आर हाफ, सो यू गेट हाफ अ कॅप्टन."

मला तर त्या कार्टीचा कानच धरावासा वाटला!

"आजी, इफ आय हॅव नथिंग टु से, आय ॲम क्विटिंग." आणि सोडेलही शाळा. हट्टी आहे, माझ्यावर गेलीय. पण मग स्तामातियाचं काय? गेल्या वर्षी नवरा गेल्यापासून माझ्या विहिणीचा सगळा आठवडा त्या शनिवारवर उभा आहे. शाळा सुटली की ऊर्मी तिच्याकडे जेवते, दोघी पत्ते खेळतात, भांडतात, तेही ग्रीकमध्ये. शाळा बंद म्हणजे शनिवार बंद. हे मला होऊ द्यायचं नाहीय.

४ मार्च, बुधवार

विहीणबाईंना फोन केला. ग्रीकमध्ये विहिणीला चक्क शब्द आहे – सिम्बेथेरा! लेकीच्या, श्रावणीच्या लग्नात कळलं तेव्हा केवढा आनंद झाला होता दोघींना. इंग्रजीत शब्दच नाही. बिचाऱ्यांना विहिणीवर रुसायचं कसं तेही ठाऊक नसणार.

सरळ विचारलं, तुमच्या घरचं कोण लढलं होतं? तर म्हणे, "उमा, इज इट स्नोइंग इन रिचमंड हिल?" पुन्हा विचारलं तर हिच्या ओव्हनमध्ये काहीतरी जळायला लागलं. फोन ठेवला.

८ मार्च, रविवार

उन्हाळ्यासाठी आजपासून घड्याळं तासभर पुढे. एक तास झोप सरकारने नेली, उरलेली ह्यांनी.

नंदकुमार रिटायर्ड इंजिनिअर असले तरी मनाने अजून किल्ल्यावरच राहतात. ऊर्मीचं रडणं ऐकल्यापासून लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणलीत आणि सकाळी सहापासून मला मोठ्याने वाचून दाखवतायत. "अगं, हा तर शुद्ध गनिमी कावा! खिंडीत गाठायचं, कापायचं, पसार व्हायचं!" थोड्या वेळाने, "उमा, ऐक, सुलतान राहिला बाजूला, हे आपसातच लढायला लागले. ज्या सेनापतीने जिंकून दिलं त्यालाच तुरुंगात टाकलं!" मग चष्मा काढून, फार समाधानाने म्हणाले, "भाऊबंदकी." घरचं माणूस भेटल्यासारखा चेहरा.

तेवढ्यात सुलतानाच्या मदतीला इजिप्तहून इब्राहिम पाशा मोठी फौज घेऊन उतरला आणि गावंच्या गावं जाळत सुटला, तेव्हा त्याच सेनापतीला घाईघाईने सोडावं लागलं. इथपर्यंत ऐकून मी पोहे करायला उठले. पण खरं सांगायचं तर ऐकायला छान वाटत होतं. कित्येक दिवसांनी घरात एवढा उत्साह!

१२ मार्च, गुरुवार

हे बेसमेंटमध्ये दार लावून काहीतरी करतायत. विचारलं तर "सरप्राइज." ह्यांचं मागचं सरप्राइज म्हणजे स्नोब्लोअर होता, तोही मे महिन्यात.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

काय करून बसले हे!

आधी चांगलं लिहिते. गुढी डेकवर उभारली, वाऱ्याने तांब्या दोनदा पडला. श्रावणी, जावई थानासी, ऊर्मी आले. स्तामातियाला लांब्रोस घेऊन आला. तो तिच्याच गावचा, परेड कमिटीचा अध्यक्ष, आणि त्याच्या घराण्याचा कॅप्टन तर शाळेच्या भिंतीवर तसबिरीत टांगलेला आहे. माणूस भला आहे. श्रीखंड तीनदा घेतलं.

जेवणं झाल्यावर हे उठले. विहिणीचा मान म्हणून शाल, नारळ, आणि कागदात गुंडाळलेलं हे एवढं मोठं काहीतरी. तिने उघडलं. फ्रेम! आत एक गलमिश्या, हातात तलवार, मागे डोंगर पेटलेला. खाली सोनेरी अक्षरात स्तामातियाच्या माहेरचं आडनाव आणि पुढे ‘कॅप्टन’. ह्यांनी कॉम्प्युटरवरून करून घेतला होता. नाक स्तामातियाचं ठेवलं होतं, डोक्यावर मात्र जवळजवळ फेटा!

आपल्याकडे कुठल्याही घराण्याला विचारा, पूर्वज महाराजांच्या सैन्यात होतेच. भाकऱ्या थापायला आणि घोड्याची लीद काढायला बहुतेक कोणी नव्हतंच त्या काळी. हे त्याच हिशेबाने चालले. लढाई झाली म्हणजे विहीणबाईंचा पूर्वज कॅप्टन असणारच, नाव तेवढं शोधायचं बाकी. वर हळदकुंकूही लावलं फ्रेमला. आणि भाषण! "टु द ब्रेव्ह कॅप्टन!"

ऊर्मी तिच्या ग्रीक आजीकडे बघत आनंदाने ओरडली, "यायाऽ, वी हॅव वन?"

स्तामातियाने फ्रेम उलटी करून टेबलावर ठेवली. "नो कॅप्टन," एवढंच म्हणाली. लांब्रोस पटकन म्हणाला, "लीव्ह इट, स्तामातिया, इट्स अ नाइस पिक्चर." तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि कोट मागितला. कॉफीसुद्धा न घेता गेली. लांब्रोस बिचारा गाडीची किल्ली शोधत मागे धावला.

वर्षाचा पहिला दिवस आणि विहीण रुसून गेली!

२० मार्च, शुक्रवार

हे उरलेलं श्रीखंड एकटेच खातायत. मी काही बोलले नाही, तीच शिक्षा.

२१ मार्च, शनिवार

शाळेतून ऊर्मीला घेतलं आणि तिच्याबरोबर मीही स्तामातियाकडे गेले, न विचारता. ह्यांना गाडीतच बसवलं. दार उघडून तिने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "ब्रिंग हिम इन, ही विल फ्रीझ." तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

तिने बीन्सचं सूप वाढलं. हे "आय ॲम व्हेरी सॉरी" म्हणाले आणि दोनदा सूप मागून घेतलं – त्यांची माफी मागायची तीच पद्धत. मग तिने ऊर्मीला जवळ बसवलं आणि सांगितलं. थांबून थांबून, अर्धं ग्रीकमध्ये, थानासीने लहानपणी ऐकलं असेल का कोण जाणे.

इब्राहिमची माणसं त्यांच्या डोंगरात आली ती शेवटच्या वर्षांत. खालच्या गावातली ऑलिव्हची झाडं तोडली, घरं जाळली, बायकामुलं धरून नेली. मग निरोप आला, जो येऊन गुडघे टेकेल आणि पाशाला मानेल त्याला अभयाचा कागद मिळेल. तिच्या पणजोबांचे आजोबा, यानिस, गेले. गुडघे टेकले. कागद घेतला. घरात चार पोरं होती आणि बायको अवघडलेली. पण तेवढ्याने सुटले नाहीत! आपलाच सेनापती गरजला, जे वाकले त्यांना आग आणि कुऱ्हाड. म्हणजे वाकलं नाही तर पाशा मारणार, वाकलं तर आपलेच. हा माणूस सगळ्या कुटुंबाला घेऊन गुहेत राहिला, समुद्रावर मोठ्या देशांच्या जहाजांनी पाशाचं आरमार बुडवलं तोवर. ‘वाकलेला’ ही आजही त्यांच्याकडे शिवी आहे.

ऊर्मीने विचारलं, "सो ही वॉज स्केअर्ड?"

"ऑफ कोर्स ही वॉज स्केअर्ड. ही हॅड चिल्ड्रन."

पोरीने सुपात पाव बुडवला. मग म्हणाली, "कॅन आय से दिस वन?"

"नो." स्तामातिया एकदम ताठ. "नॉट देअर." का म्हणून विचारलं, तर म्हणे, "बिकॉज इट इज नॉट ओन्ली माइन."

समजलं मला. माहेरची लाज. पहिल्या रांगेत सगळं गावच बसलेलं असणार, कॅप्टनवाले लांब्रोससुद्धा. तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. येताना ऊर्मी गाडीत म्हणाली, आता मी खोटा कॅप्टन सांगणार नाही, आणि खरा माणूस सांगू देत नाहीत, तर मी शाळेत जाऊ कशाला? ह्यांनी उत्तरादाखल गाडीतला हीटर वाढवला. म्हणजे बघा!

२३ मार्च, सोमवार

स्तामातियाला फोन केला आणि आडवळण न घेता सांगितलं. ती शाळा सोडतेय. तू तिचं तोंड बंद करशील तर ती तुझ्या शनिवारीही यायची नाही. वाईट वाटेल तुला, पण विहीण म्हणून मीच सांगायला हवं. पलीकडून "ओके, उमा," आणि फोन बंद. ओके म्हणजे काय ओके?

बोलले ते बरं झालं.

२५ मार्च, बुधवार

खरा स्वातंत्र्यदिन आज. त्यांचा उपास चालू आहे ईस्टरपर्यंत, पण आजच्या दिवशी मासा चालतो, म्हणून घरोघरी तळलेला कॉड आणि लसणाची चटणी. आम्ही मूळचे मालवणचे, तळलेल्या माशाला बोलावलं तर नाही कोण म्हणणार! स्तामातियाच्या स्वयंपाकघरात मी तळत होते, ती लसूण कुटत होती. मध्येच थांबून तिने ऊर्मीला सांगितलं, "यू कॅन से इट. ओन्ली अबाउट आवर मॅन. नोबडी एल्स. नॉट हू केम, नॉट हू सेड व्हॉट. प्रॉमिस?"

ऊर्मीने प्रॉमिस केलं आणि तिच्या गळ्यात पडली. पिठाच्या हातांनी! मला एवढं बरं वाटलं की दोन तुकडे करपवले. हे म्हणाले, करपलेलेच चांगले लागतात, आणि खाल्ले.

२९ मार्च, रविवार

परेड झाली. बोचरं ऊन, बँड, शाळांची पोरं, चुणीदार पांढरे घागरे घातलेले पुरुष रुबाबात पावलं आपटत. ह्यांनी टाळ्या वाजवून हातमोजा हरवला.

मग हॉल. एकामागून एक कॅप्टन. ऊर्मीच्या आधीच्या मुलाचा कॅप्टन तर एकटाच अख्खी फौज परतवून आला. आमची पोर उभी राहिली, आधी ग्रीकमध्ये, मग इंग्रजीत. माझ्या घरच्या माणसाचं नाव यानिस. त्याने गुडघे टेकले, कारण तो घाबरला होता. त्याला चार मुलं होती. जे वाकले नाहीत त्यांच्यामुळे आज ही परेड आहे, त्यांना थँक यू. तो वाकला म्हणून मी आहे, त्यालाही थँक यू.

एवढंच! खाली उतरली.

मागून कोणा म्हाताऱ्या बाईने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. स्तामातियाने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. थानासी नाक शिंकरत होता. ती अर्ध्या कॅप्टनवाली कार्टी येऊन ऊर्मीला गुहेबद्दल विचारायला लागली, आणि पुढच्या शनिवारी काय आणायचं ते दोघींचं ठरलंही.

फक्त लांब्रोस. खाली मान घालून बसला होता, टाळ्या संपायच्या आत उठला आणि कॉफीला न थांबता निघून गेला. मोठे कॅप्टनचे वंशज! लेकराचं एक मिनिट सहन झालं नाही. मला संताप आला. पण एकासाठी एवढा चांगला दिवस कशाला नासवू? आज मी खूश आहे. खूप.

३० मार्च, सोमवार

सकाळी स्तामातियाचा फोन. लांब्रोस दारात येऊन उभा होता म्हणे, टोपी हातात, आत यायला तयार नाही. एवढंच म्हणाला, "नाव घेऊ दिलं नाहीस. थँक यू." मी विचारलं, कोणाचं नाव? तर ती शांतपणे म्हणाली, यानिसच्या दारात पाशाची माणसं घेऊन कोण आलं होतं, गुडघे टेका म्हणून कोणी सांगितलं होतं, ते आमच्या दोन्ही घरांना पहिल्यापासून माहीत आहे, उमा. शाळेच्या भिंतीवर लावलाय तोच तो कॅप्टन.