कंडेन्सरभोवती फिरवलेली उदबत्ती

इस्लामपूर,
ता. २८ ऑक्टोबर १९९६

आदरणीय केरूदाजींस,
मिलिंदचा जय भीम. शालूताईची कंबर कशी हाय? परवा कोयनेला पुन्हा भुई हलली असं ऐकलं. मांडणीवरची भांडी पडली असतील तर पडू द्या, माणसं जाग्यावर हायत ना? आमची आई मुक्ताबाई तुमच्याकडं येऊन पाच दिवस झालं. माझ्यावर रुसून आलीय, हे तिनं सांगितलं असंलच. पण का रुसली ते तिनं तिच्या बाजूनं सांगितलं असणार. माझी बाजू ऐका, आणि तिला परत घरी आणायचा माझा निश्चय हाय हेबी ध्यानात घ्या.

तुमच्या पॉवरहाऊसात वरनं पाणी सोडलं की चाक फिरतंय. (तुमचं बरं हाय, डोंगरच कामाला!) आमच्या साखर कारखान्यात वाफेवर टर्बाइन फिरतंय. काम झालेली वाफ कंडेन्सर नावाच्या मोठ्या टाकीत गार होऊन तिचं परत पाणी होतंय. त्या टाकीत हवा राहिली की टर्बाइनचा दम जातोय, म्हणून हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप असतोय. तो पंप माझ्या ताब्यात. व्हॅक्यूमचा काटा सहाशे ऐंशीवर पायजे, आणि गडी पाचशेच्या फुडं सरकंना. पंप दोनदा खोलला, पाणी बदललं, पॅकिंग बदललं, काटा हाय तिथंच. टर्बाइन नुसतं चाचणीला चालू केलेलं, मोळी टाकून ऊस गाळायला पाच दिवस राहिलेलं. साहेब म्हणाले, पंप भंगारात घालूया. मी म्हणालो, साहेब, पंपाचा दोष न्हाई, कुठनंतरी हवा आत शिरतीया. आणि इरेला पेटलो. काटा चढल्याबिगर दाढी करायची न्हाई असं ठरवलं.

आता हवा दिसती का कुणाला? तवा एकच उपाय. उदबत्ती पेटवायची आणि एकेका जोडाजवळ धरायची. जिथं धूर आत ओढला जातोय तिथं गळती. कॅन्टीनमधनं पुडा आणला, पाच-पाच काड्या एकदम पेटवल्या आणि कंडेन्सरभोवती फिराय लागलो. खालचे जोड बघायला वाकावं लागतंय, त्याला मी काय करू? खंडेनवमीच्या झेंडूच्या माळा पंपावर तशाच व्हत्या, कुंकूबी व्हतं. (ती पूजा बाकीच्यांनी केली, मी तवा स्टोअरमधे पाने-पकडी मोजत बसलो व्हतो, रजिस्टर बघा पायजे तर.) पहिला फेरा झाला तवा मागं दोघं हात जोडून उभं. दुसऱ्या फेऱ्याला सातजण. एकानं माझ्या पायापाशीच नारळ फोडला. मी वराडतोय, आरं टेस्टिंग हाय, टेस्टिंग! पण टर्बाइनच्या आवाजात कोण ऐकतंय? माझं तोंड हलतंय म्हटल्यावर त्यांना वाटलं मंत्र चाललाय.

नेमकी त्या टायमाला आमच्या शेजारची बनुबाई डबा घेऊन आली. तिनं दारातच चपला काढल्या. संध्याकाळी घरी गेलो तर आईनं पिशवी भरलेली. छपन्न साली नवी नवरी असताना बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई ती, देवघर स्वतःच्या हातानं उतरवलं तिनं. म्हणाली, "माणसाफुडं वाकला असतास तर इचारलं नसतं, लोखंडाफुडं वाकलास व्हय रं?" सकाळच्या पहिल्या एस्टीनं गेली.

दाजी, लय लागलं. पण गळती सोडली न्हाई. दुसऱ्या दिवशी दार लावून घेऊन पुन्हा फिरलो. कंडेन्सरच्या बुडाशी खड्ड्यात उतरलो आणि उदबत्तीचा धूर सुळकन एका नळात गेला. नळ! दुरुस्तीच्या दिवसांत आमच्या गुंडा फिटरनं आंघोळीला फुकट गरम पाणी मिळावं म्हणून कंडेन्सरला तळातनं नळ बसवलेला. टर्बाइन चालू झाल्यावर त्यानं तो उघडला, खाली बादली लावली. पाणी यायचं कुठनं? आत व्हॅक्यूम, नळच बाहेरची हवा ओढाय लागला. गुंड्याला वाटलं, पाणी लांबनं येत असंल, येईल सावकाश. नळ उघडाच ठेवून तो तीन दिवस वाट बघत व्हता. मी नळ बंद केला. काटा सहाशे पंच्याऐंशी! साहेबांनी पाठ थोपटली, गुंडा अजून बिनआंघोळीचा हाय.

शालूताईला जय भीम, भाची साक्षीला आशीर्वाद.
तुमचा मेहुणा,
मिलिंद

ता. क. – आता हंगामाचा बॉयलर पेटलाय, मला रजा न्हाई. तवा आईची समजूत तुमीच घाला. तुमी सरकारी पॉवरहाऊसातलं, तुमचं ऐकंल. पण उदबत्ती लावून दाखवाय जाऊ नका, न्हाईतर जावईबी गेला म्हणून आणखी फुडं चिपळूणला जाईल.

ता. क. २ – एक तुमच्यातच ठेवा. काटा चढला तवा माझं हात आपोआप जोडलं गेलं. खरं सांगतो. आईला कळू देऊ नका.

ता. क. ३ – आई, तू साक्षरतेच्या वर्गात वाचाय शिकलीस, आणि तिथं गेल्यापासनं दाजींना आलेली पत्रं आधी तूच फोडतीस असं ताईनं कळवलंय, म्हणून हे तुलाच. हात जोडलं, पण लोखंडाला न्हवं. काटा चढला आणि पयलं तुलाच सांगावं वाटलं, आणि घरात तू न्हाईस. चिडायचं तर हितं येऊन चीड. मी वाट बघतोय.