बांनी परत आणलेली मी, आणि मागचा कोबा

“भाव पटला न्हाई. माल उचलून राहिलो आमी.”

माझे वडील श्री. भावसिंग आडे हे वाक्य पुण्यातल्या एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये, सगळ्यांच्या मागून उभे राहून बोलले होते. माल म्हणजे मी.

मी, संगिता भावसिंग आडे, वय ४४, अविवाहित, क्रीडाशिक्षिका, राहणार गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली, शरीराने थकलेली पण पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्या दबावाखाली नव्हे तर कुणाचे न ऐकता, हे मृत्युपत्र लिहीत आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी यापुढे फक्त वेदना कमी करू असे सांगितले आहे. बांना ते मान्य नाही.

१. गोरेगावचे दोन खोल्यांचे घर व त्यामागचा बास्केटबॉलचा सिमेंट कोबा मी माझ्या पगारातून केला आहे. आई गेली आहे. मी काही लिहून न ठेवल्यास हे सर्व वडिलांकडे जाईल. ते विकणार नाहीत आणि कुणाला देणारही नाहीत. कुलूप लावून बसतील. संध्याकाळी तिथे तांड्यावरच्या आणि गावातल्या पोरी खेळतात. म्हणून घर व कोबा मी माझा भाऊ रणजीत याची मुलगी पुजा हिला देते. पोरींचा खेळ तिने चालू ठेवावा.

२. रणजीतला कोब्यावर शिजवलेली हळद वाळवायची मुभा आहे, पण हंगामापुरतीच. “ताई, पोरी काय बारा महिने उड्या मारून राहिल्या व्हय?” असे तो विचारतो. व्हय, रणजीत, बारा महिने.

३. बँकेतली शिल्लक चेंडू, जाळ्या आणि पोरींच्या स्पर्धांच्या प्रवासासाठी वापरावी. ही जबाबदारीही पुजाची.

४. शेजारचे फुलसिंगकाका माझ्या उंचीवरून दर भेटीला विचारत आले, “संगे, वर हवा कशी हाय?” त्यांना माझी घडीची शिडी द्यावी. स्वतः चढून बघावे.

५. कपाटावरच्या खोक्यात बुटांचा एक कोरा जोड आहे. तो कुणालाही देऊ नये. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

मुलींची व्यावसायिक बास्केटबॉल लीग तेव्हा नवी होती. पहिल्या हंगामात मला कुणी विचारले नाही. दुसऱ्या हंगामाच्या लिलावात नाव आले, तेव्हा मी तिशीत होते. लिलाव म्हटल्यावर बा म्हणाले, “मग मी येतो. तुला त्यातलं काय कळतं?” त्यांनी आयुष्यभर हिंगोलीच्या मोंढ्यात हळद विकली. तिथे बोली पटली नाही तर शेतकरी पोती परत गाडीत टाकतो. तो त्याचा हक्कच असतो. माझे नाव पुकारले, एका संघाने सर्वांत कमी रकमेवर हात वर केला, दुसरा हात वर गेला नाही. आणि बा उठले. लोक हसले. त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो. मी त्यांच्याबरोबर बाहेर जायला नको होते. पण त्या हसण्यातून परत आत जाण्याचे बळ माझ्यात नव्हते.

परतीच्या एसटीत ते म्हणाले, “थांबायचं, पोरी. पुढल्या साली चढंल.”

हळद थांबते. गुडघे थांबत नाहीत. त्या लीगचा तिसरा हंगाम झालाच नाही. त्या हंगामासाठी घेतलेले बूट ठेवून ठेवून त्यांचे तळ सुटले आहेत. टाकून द्यावेत.

एवढे मात्र लिहून ठेवते की त्या हॉलमध्ये मला लागलेली बोली फार कमी आहे असे वाटणारा माणूस एकच होता, बा. हे मला फार उशिरा कळले, आणि कळल्यानेही राग पुरता गेला नाही. ते कळणे आणि तो राग, दोन्ही तसेच राहू द्यावे.

६. माझ्या अंत्यविधीला वेळ लावू नये. शाळेला सुट्टी देऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला व दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : गोरेगाव
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

(सही) संगिता भावसिंग आडे

साक्षीदार :
१. (सही) माणिकराव, निवृत्त मुख्याध्यापक, गोरेगाव
२. (सही) दिपाली, सहशिक्षिका, गोरेगाव

वाचले व मान्य आहे : ____________ (भावसिंग आडे, वडील)

बा, ही ओळ कायद्याला लागत नाही, मला लागते. काल कागद दाखवला तर तुम्ही म्हणालात, “लेकरू बापाच्या आदी असलं लिहितंय का कुठं? फाड ते.” आणि गोळ्यांसाठी पाणी आणायला उठलात. सही केली तर मी जाणार हे मान्य केल्यासारखे होईल, म्हणून तुम्ही करणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला समजावायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. चष्मा खिडकीत आहे. तेवढी सही करा, बा.